शेरी फिनिश सिंगल मॉल्ट चाखताना

लेबलवर ‘शेरी कास्क फिनिश’ लिहिलेल्या व्हिस्कीत दोन मुलखांचं काम एकत्र आलेलं असतं. मॉल्ट (मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की) बहुधा स्कॉटलंडचा असतो. ज्या पिंपात तो शेवटचे काही महिने किंवा वर्षं राहिला, त्यात आधी दक्षिण स्पेनची शेरी वाइन भरलेली होती. अशी व्हिस्की चाखताना मनुका, खजूर, अक्रोड हे वास ओळखण्यात आपण रमतो, आणि त्यात मजा आहेच. पण माझ्या मते विचारायचा प्रश्न त्यापुढचा आहे: शेरी मॉल्टमध्ये मुरली आहे, की नुसती वर बसली आहे? खालची सगळी पद्धत या प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या नाकाने आणि जिभेने शोधण्यासाठी आहे.

उदाहरणाला बालव्हेनी डबलवुड 12 घेऊ. स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातल्या डफटाउन गावची ही डिस्टिलरी. तिथले तेव्हाचे मॉल्ट मास्टर डेव्हिड स्टुअर्ट यांनी 1980 च्या दशकात एका प्रकारच्या पिंपातली तयार व्हिस्की दुसऱ्या प्रकारच्या पिंपात हलवण्याचे प्रयोग केले आणि 1993 मध्ये डबलवुड बाजारात आली. ही व्हिस्की आधी किमान बारा वर्षं अमेरिकन ओकच्या, पूर्वी बर्बन (मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की) ठेवलेल्या पिंपांत राहते. मग नऊ महिने ओलोरोसो शेरीच्या युरोपियन ओकच्या पिंपांत. शेवटी सगळ्या पिंपांचा माल मोठ्या लाकडी टाक्यांत ओतून तीन-चार महिने एकजीव होऊ देतात. बारा वर्षांच्या तुलनेत नऊ महिने किरकोळ वाटतात, पण चव घेताना ते स्पष्ट जाणवतात.

आधी पिंप समजून घ्या

शेरी येते आंदालुसियातल्या हेरेथ दे ला फ्रोन्तेरा, सानलूकार दे बारामेदा आणि एल पुएर्तो दे सांता मारिया या तीन गावांच्या परिसरातून. तिचे प्रकार बरेच आहेत, व्हिस्कीच्या संदर्भात तीन माहीत असले की पुरे. फिनो ही पालोमिनो द्राक्षांची फिकट, कोरडी वाइन; तिच्यात मद्यार्क सुमारे 15 टक्के असतो आणि पृष्ठभागावर यीस्टची साय धरते, त्यामुळे वाइनला हवा लागत नाही. ओलोरोसोचा मद्यार्क 17 टक्के किंवा त्याहून वर नेतात. तेवढ्यात यीस्ट जगत नाही, वाइन वर्षानुवर्षं हवेच्या संपर्कात राहते, तपकिरी होते आणि तिला अक्रोडाचा, वाळलेल्या फळांच्या सालीचा वास येतो. बहुतेक ओलोरोसो चवीला कोरडी असते, हे लक्षात ठेवा. तिसरी पेद्रो हिमेनेथ, लेबलांवर बहुधा ‘पीएक्स’. ही द्राक्षं उन्हात वाळवून मग पिळतात. वाइनमध्ये लिटरमागे किमान 212 ग्रॅम साखर असते, प्रत्यक्षात बऱ्याचदा कितीतरी जास्त. दिसायला काळपट, काकवीसारखी दाट.

पूर्वी शेरी पिंपांत भरूनच जहाजाने ब्रिटनला जायची. तिथे बाटलीबंद झाली की रिकामी पिंपं स्कॉटलंडचे डिस्टिलर स्वस्तात उचलायचे. 1980 च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करणं बंधनकारक झालं आणि हा ओघ आटला. आज व्हिस्कीसाठी मिळणारी बहुतेक शेरी पिंपं मुद्दाम तयार केलेली असतात. नवं ओकचं पिंप बांधायचं, त्यात शेरी भरून साधारण वर्ष-दोन वर्षं ठेवायची, मग रिकामं करून स्कॉटलंडला पाठवायचं. हेरेथच्या नियामक मंडळाने अशा पिंपांना प्रमाणपत्र द्यायलाही सुरुवात केली असून त्यासाठी किमान एक वर्ष शेरी भरून ठेवण्याची अट आहे. त्यामुळे ‘शंभर वर्षं जुन्या शेरीच्या पिंपातली व्हिस्की’ असं कुणी रंगवून सांगितलं तर जपून ऐका. शेरी उत्पादकांच्या कोठारातली जुनी पिंपं ते सहसा सोडत नाहीत.

यातून चवीच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट निघते. ज्याला आपण सरसकट शेरीची चव म्हणतो, त्यातला मोठा भाग लाकडाचा असतो. युरोपियन ओकमध्ये टॅनिन भरपूर असतं. जिभेच्या कडांना सुपारी चघळल्यासारखा आवळलेपणा देणारं ते हेच. लवंगेच्या वासामागचं युजेनॉल ओकमध्येही असतं. अमेरिकन ओक व्हॅनिला आणि खोबऱ्याचा वास देतो. शेरीची अनेक पिंपं अमेरिकन ओकचीही असतात, म्हणून दोन ‘शेरी’ व्हिस्क्या एकमेकींपासून फार वेगळ्या लागू शकतात. जुन्या शेरीतून येणारा एक वास तर आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे. सोटोलॉन नावाचा रेणू मेथीच्या दाण्यांना त्यांचा खास वास देतो आणि तोच मुरलेल्या शेरीतही सापडतो. परदेशी चाखणारे त्याला करीचा वास म्हणतात. आपल्याला तो मेथी म्हणून थेट ओळखता येतो.

लेबल वाचणं

‘शेरी कास्क मॅच्युअर्ड’ म्हणजे साधारणपणे व्हिस्कीचा सगळा काळ शेरीच्या पिंपात गेला. ‘फिनिश’ म्हणजे शेवटचा काळ. हा शेवटचा काळ किती असावा याला स्कॉचच्या नियमांत किमान मर्यादा नाही आणि तो लेबलवर छापण्याची सक्तीही नाही. नियम पक्के आहेत ते इतर बाबतींत: स्कॉटलंडमध्ये, ओकच्या पिंपात, किमान 3 वर्षं, आणि बाटलीत किमान 40 टक्के मद्यार्क. सिंगल मॉल्टसाठी एकाच डिस्टिलरीचा, फक्त मोड आणलेल्या बार्लीचा माल. बाटलीवरचं वय आतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं असतं.

रंगावर विसंबू नका. स्कॉचमध्ये साधा कॅरमेल रंग घालायला परवानगी आहे. त्यामुळे गडद तांबूस व्हिस्कीत शेरी जास्त असं मुळीच नाही. ‘नैसर्गिक रंग’ असं लिहिलेलं असेल तर मात्र रंगातून थोडंफार कळतं. 46 टक्के किंवा त्याहून अधिक मद्यार्क आणि ‘नॉन चिल फिल्टर्ड’ या दोन गोष्टी लेबलवर दिसल्या तर मी ती बाटली पसंत करतो, कारण थंड करून गाळण्यात तेलकट, तोंड भरणारा अंश थोडा निघून जातो. डबलवुड या कसोटीत बसत नाही, ब्रिटनमध्ये ती 40 टक्क्यांवर विकली जाते. तरी शिकण्यासाठी ती उत्तम, कारण तिच्यात बर्बनचं पिंप आणि शेरीचं पिंप दोन्ही वेगवेगळी ओळखू येतात.

खोली, वेळ, ग्लास

आपल्याकडची उन्हाळ्याची 33-34 अंशांची खोली चव घेण्याला अनुकूल नाही. उष्णतेने मद्यार्क भरभर उडतो आणि नाकात फक्त तोच शिरतो. एप्रिल-मेमध्ये बाटली साधारण तासभर फ्रीजमध्ये ठेवा म्हणजे ती 20 अंशांच्या आसपास येईल. याहून थंड नको आणि बर्फ तर नकोच, थंडीने वास दबतो. पंखा बंद करा किंवा त्याच्या झोतातून दूर बसा, कारण ग्लासाच्या तोंडाशी जमलेला वास तो उडवून लावतो. उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, परफ्यूम, शेजारच्या चुलीवरची फोडणी यांपैकी काहीही असेल तर दुसरी वेळ निवडा.

सर्वांत चांगली वेळ जेवणाआधीची, पण पोट अगदी रिकामं नसताना. तिखट जेवणानंतर निदान दोन तास जाऊ द्या. चकणा चव घेऊन झाल्यावर. मसाला शेंगदाणे आणि चिवडा जिभेवर असताना टॅनिन आणि गोडवा यांचा ताळमेळ कळणार नाही. मध्ये खायचंच असेल तर साधा पाव आणि पाणी.

ग्लास तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता हवा. ग्लेनकेर्न हा आज सर्वत्र दिसणारा आकार. शेरी चाखण्यासाठी हेरेथमध्ये वापरतात ती कोपिता, म्हणजे दांड्याचा लहान ट्युलिपसारखा ग्लास, व्हिस्कीवाल्यांनी फार पूर्वीच आपलीशी केली. तीच मिळाली तर शेरी व्हिस्कीसाठी याहून समर्पक काही नाही. काहीच नसेल तर वाइनचा लहान ग्लास चालेल. सरळ कडेचा रुंद ग्लास बाजूला ठेवा. ग्लासाला साबणाचा किंवा कपाटाचा वास नाही ना, हे ओतण्याआधी हुंगून बघा.

महाराष्ट्रात व्हिस्की पिण्यासाठी वय 25 पूर्ण आणि परवाना लागतो, गोव्यात वयाची अट 21 आहे. आणि चव घेण्याच्या दिवशी गाडी चालवायची नाही.

ओतणं आणि थांबणं

15 ते 20 मिलीलिटर पुरतात. ओतल्यावर ग्लास तसाच दहा मिनिटं ठेवा. शेरीच्या व्हिस्कीत ही दहा मिनिटं विशेष महत्त्वाची, कारण पहिला मद्यार्काचा आणि कधीकधी येणारा गंधकाचा झोत निवळतो. एवढ्यात ग्लास किंचित तिरपा करून आतल्या कडेवर व्हिस्कीचा थर फिरवा. उतरणारे ओघळ दाट आणि सावकाश असतील तर मद्यार्क जास्त किंवा द्रव तेलकट, एवढाच अर्थ घ्या. ओघळांवरून दर्जा ठरवणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

वास

इथे सर्वांत जास्त वेळ घालवा. चव म्हणून आपल्याला जे कळतं त्यातलं बहुतेक नाकच सांगत असतं.

ग्लास हनुवटीच्या पातळीला धरा आणि वर येणारा वास तिथूनच घ्या. मग हळूहळू ओठांजवळ आणा. तोंड किंचित उघडं ठेवून नाकाने छोटे, हलके श्वास घ्या. तोंड उघडं असलं की मद्यार्क कमी झोंबतो. नाक ग्लासात खुपसून दीर्घ श्वास घेतला तर पुढची काही मिनिटं नाक बधिर. थोड्या वेळाने एकेक नाकपुडी आलटून पालटून वापरा. आणि मधूनमधून आपल्याच मनगटाचा वास घ्या, नाक पुन्हा ताजं होतं.

आता क्रमाने शोधा. आधी मॉल्ट आणि बर्बनचं पिंप: मध, व्हॅनिला, पिकलेलं सफरचंद, भाजलेल्या धान्याचा वास, बिस्किट. डबलवुडमध्ये मध सहसा लगेच सापडतो. मग शेरी: काळ्या मनुका, सुकं अंजीर, खारीक, संत्र्याची वाळलेली साल, अक्रोड. मग लाकूड: लवंग, दालचिनी, जुन्या सागवानी कपाटाचं दार उघडल्यावरचा वास. इंग्रजी चाखणाऱ्यांच्या नोंदींत ख्रिसमस केक आणि प्लम पुडिंग वारंवार येतात. ज्याने ते खाल्लं नाही त्याने ते ग्लासात शोधू नये. गुळाची पोळी, खजुराचा लाडू, गुलकंद, आमसूल, चिंचेचा कोळ, काकवी, चुलीवर आटलेला उसाचा रस हे आपल्या नाकात आधीपासून साठलेलं आहे, आणि त्यातूनच नेमकी नोंद होते. मला स्वतःला ओलोरोसो फिनिशमध्ये खारीक आणि पीएक्स फिनिशमध्ये काकवी सर्वांत आधी ओळखू येते. तुमचं वेगळं असू शकेल आणि ते तितकंच खरं असेल.

गंधकाबद्दल नीट सांगायला हवं. ओलं पिंप रिकामं असताना बिघडू नये म्हणून त्यात गंधकाची वात जाळायची रीत होती आणि तिचा अंश व्हिस्कीत उतरू शकतो. तो विझलेल्या काडेपेटीच्या काडीचा, रबराचा किंवा उकडलेल्या कोबीचा वास म्हणून येतो. काहींचं नाक त्याला फार संवेदनशील, काहींना तो जाणवतच नाही. काडीइतका हलका असेल आणि पंधरा मिनिटांत निवळत असेल तर मी त्याला दोष मानत नाही, उलट त्याने चवीला खोली येते. रबर आणि कोबी टिकून राहिले तर पिंपच वाईट होतं.

घोट

पहिला घोट अगदी छोटा, जीभ ओली होण्यापुरता. त्याच्यावर मत बनवू नका, तो तोंडाला मद्यार्काची सवय करण्यासाठी. अर्ध्या मिनिटाने दुसरा घोट, थोडा मोठा. तो तोंडात फिरवा, जिभेखाली जाऊ द्या, हिरड्यांना लागू द्या, दहा-पंधरा सेकंद धरा. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास बाहेर सोडा. घशाच्या मागून नाकात चढणारा हा वास शेरीची खरी ओळख देतो, आणि मेथी, अक्रोड बहुतेक इथेच सापडतात.

तीन वेळा लक्ष द्यायचं. तोंडात शिरताना काय येतं, मध्ये काय असतं आणि गिळल्यावर मागे काय राहतं. डबलवुडमध्ये सुरुवात गोड आणि गुळगुळीत, मध्ये अक्रोड-बदामाचा अंश आणि दालचिनी, मग उबदार, बऱ्यापैकी लांब शेवट. आता मूळ प्रश्न विचारा. मधला टप्पा भरलेला आहे का?

मुरलेल्या फिनिशमध्ये मध आणि मनुका एकाच वेळी येतात, एकाला दुसऱ्यापासून वेगळं काढायला कष्ट पडतात. वरवरच्या फिनिशमध्ये आधी शेरीचा गोड झोत येतो, मग मध्ये एक रिकामी जागा, कच्चा मद्यार्क, आणि शेवटी लाकडाचा कडवटपणा एकटाच उरतो. तरुण, किरकोळ मॉल्टवर जोरकस पिंप चढवलं की असं होतं. पीएक्सच्या बाबतीत हा धोका जास्त, कारण त्याचा गोडवा बऱ्याच गोष्टी झाकतो. पहिल्या घोटाला ती व्हिस्की आवडते आणि तिसऱ्या घोटाला कंटाळा येतो. म्हणून मी तिसऱ्या-चौथ्या घोटाआधी मत लिहीत नाही.

पाणी

अर्धा ग्लास तसाच पिऊन झाला की पाणी घाला. साधं, वास नसलेलं, खोलीच्या तापमानाचं. क्लोरीनचा वास येणारं नळाचं पाणी नको. ड्रॉपर नसेल तर छोटा चमचा वापरा. 43 टक्क्यांच्या उरलेल्या 10 मिलीलिटर व्हिस्कीत अडीच मिलीलिटर पाणी घातलं तर ती सुमारे 34 टक्क्यांवर येते. सुरुवातीला याच्या निम्मंच घाला. 60 टक्क्यांची कास्क स्ट्रेंग्थ (पिंपातून काढल्यावर पाणी न घालता बाटलीत भरलेली) व्हिस्की असेल, उदाहरणार्थ ग्लेनफार्कलस 105, तर 10 मिलीलिटरमध्ये 3 मिलीलिटर पाणी घातल्यावर ती 46 च्या आसपास येते. वेगवेगळ्या पिंपांतला माल जुळवणारी ब्लेंडर मंडळी वास घेण्यासाठी व्हिस्की 20 टक्क्यांपर्यंतही उतरवतात, दोष लपू नयेत म्हणून.

पाण्याने काय होतं याचा अभ्यास स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी संगणकावर केला आणि 2017 मध्ये प्रसिद्ध केला. ग्वायाकॉल हा धुरकट वासाचा रेणू मद्यार्क 45 टक्क्यांपर्यंत असताना पृष्ठभागाजवळ राहतो आणि 59 टक्क्यांच्या वर मद्यार्कात वेढला जाऊन आत दडतो, असं त्यांना दिसलं. कास्क स्ट्रेंग्थ व्हिस्की पाण्याने ‘उघडते’ असं चाखणारे म्हणतात, त्याला यातून आधार मिळतो.

आपल्या प्रश्नासाठी पाणी म्हणजे परीक्षाच. पाणी घातल्यावर मुरलेली व्हिस्की विरळ होते, पण तिचे भाग सुटे होत नाहीत, संत्र्याची साल आणि मध पुढे येतात. वर बसलेली शेरी मात्र फुटते: गोड पाणी एकीकडे, तुरट लाकूड दुसरीकडे. 40 टक्क्यांच्या बाटल्यांत थेंब मोजूनच घाला, त्या लवकर पातळ पडतात.

तीन ग्लास शेजारी

एकट्या ग्लासातून जे कळत नाही ते शेजारी ठेवल्यावर पटकन कळतं. दोन-तीन जण मिळून बाटल्या आणा आणि तीन ग्लास मांडा. पहिल्यात फक्त बर्बनच्या पिंपातली, जसं ग्लेनमोरांजी ओरिजिनल. दुसऱ्यात डबलवुड. तिसऱ्यात पूर्ण काळ शेरीच्या पिंपात गेलेली ग्लेनड्रोनॅक 12, जिच्यासाठी ओलोरोसो आणि पीएक्स दोन्ही पिंपं वापरतात. याच क्रमाने चाखा, कारण शेवटची आधी घेतली तर पहिली निव्वळ पाण्यासारखी लागेल. डबलवुड या दोघींच्या मधे नेमकी कुठे बसते ते बघा.

तिन्ही डिस्टिलऱ्या वेगळ्या असल्याने तिन्हींचा मूळ माल वेगळा आहे. फक्त फिनिशचा परिणाम बघायचा असेल तर ग्लेनमोरांजी ओरिजिनल आणि त्यांचीच लसांटा ही जोडी घ्या. लसांटामध्ये तोच मूळ माल बर्बनच्या पिंपातून काढून ओलोरोसो आणि पीएक्सच्या पिंपांत नेलेला असतो. ओरिजिनलमधला संत्र्या-पीचचा ताजेपणा लसांटात किती टिकलाय आणि कुठे सुकामेवा झालाय, हे मागेपुढे हुंगत शोधायला मला फार आवडतं. या अभ्यासासाठी याहून सोपी आणि प्रामाणिक जोडी मला माहीत नाही.

मराठी वाचकाला एक तुलना घराजवळही मिळते. गोव्यातल्या कुंकळ्ळीला तयार होणाऱ्या पॉल जॉनच्या सिंगल मॉल्टमध्ये ओलोरोसो आणि पीएक्स या दोन्ही शेरी पिंपांच्या आवृत्त्या निघाल्या आहेत. ती स्कॉच नाही, पण रीत तीच. गोव्याच्या उष्णतेत पिंपातून होणारी घट स्कॉटलंडच्या वर्षाला सुमारे 2 टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त असते आणि लाकूड फार लवकर व्हिस्कीत उतरतं. म्हणून तिथल्या आणि स्पेसाइडच्या वयाचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. मसाल्याची आणि लाकडाची धार किती वेगाने आली आहे ते बघा.

आणि शक्य असेल तर खुद्द शेरी चाखा. कोरड्या ओलोरोसोची एक बाटली आणि पीएक्सची छोटी बाटली ड्युटी फ्रीमधून किंवा चांगल्या वाइनच्या दुकानातून मिळवा. ओलोरोसोचा एक घोट घेऊन मग डबलवुडचा वास घेतला की व्हिस्कीतला कोणता अंश वाइनचा आणि कोणता लाकडाचा, हा गुंता बराच सुटतो. अनेकांना धक्का बसतो तो ओलोरोसोच्या कोरडेपणाचा, कारण व्हिस्कीतल्या शेरीचा अर्थ त्यांनी गोडवा असा धरलेला असतो.

नोंद आणि बाटलीची काळजी

वहीत चार ओळी पुरतात: तारीख, बाटलीत किती उरली आहे, पाण्याआधी आणि पाण्यानंतर काय बदललं, आणि ‘मुरली की वर बसली’ याचं एका वाक्यातलं उत्तर. गुण देण्याच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. तीच बाटली महिन्याभराने पुन्हा चाखा आणि जुनी नोंद नंतरच वाचा.

बाटली नेहमी उभी ठेवा, आडवी ठेवली तर मद्यार्क बुचाला खातो. ऊन आणि उष्णता टाळा. गच्चीखालच्या खोलीतलं किंवा गॅसजवळचं कपाट नको. बाटली एक तृतीयांशावर आली की आतल्या हवेने शेरीचा फळांचा भाग आधी उतरतो आणि लाकूड मागे राहतं, तेव्हा दोन-तीन महिन्यांत ती संपवा किंवा काठोकाठ भरेल अशा छोट्या काचेच्या बाटलीत काढून ठेवा. उघडलेली ओलोरोसो फ्रीजमध्ये काही आठवडे छान राहते. फिनो उघडली तर आठवड्याच्या आत संपवायला हवी.